मधले आठ बार

मनूदादा, काल तुमचं तेरावं झालं. जेवणं आटोपली, मांडववाला खुर्च्या घेऊन गेला, आणि मी गढ्याच्या तुमच्या घरून चेरीतालला माझ्या घरी आलो तो तुमच्यावर मनापासून चिडूनच. त्याआधीचे दिवस चिडायला सवडच नव्हती. लोक येऊन राहिले होते, सतरंज्या घालायच्या, पाणी द्यायचं, तुमच्या भाच्याला स्टेशनवरून आणायचं. अशा गडबडीत माणूस रडून घेतो, पण भांडण राहून जातं. आज घरात कोणी नाही. बायको शाळेत गेली आहे, मी कॉलेजला सुट्टी टाकली आहे, आणि कागद घेऊन तुमच्याशी भांडायला बसलो आहे.

तर सरळ मुद्द्याचं बोलतो. त्या रविवारी सदर भागातल्या हॉटेलात, भर दुपारी, जेवणाऱ्या लोकांसमोर मी तारांवर हात ठेवून वाजवणं थांबवलं आणि तुम्हाला म्हणालो, "दादा, मधले आठ सुरू झाले. तुम्ही मागं राहिले." तुम्ही सॅक्सोफोन तोंडातून काढला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अच्छा? मागं राहिलो का?" त्यानंतर तुम्ही एकदाही वाजवायला आले नाही. सहा रविवार तसेच गेले आणि सातवा यायच्या आत तुम्हीच गेले. तुमचं वाजवणं मी बंद पाडलं का, एवढं एक मला जाणून घ्यायचं होतं. आता कळलं आहे, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं.

हे मधले आठ मला तुम्हीच शिकवले. अकरा वर्षांपूर्वी मी गणेशोत्सवाच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचो, सिनेमाची गाणी, ठरलेल्या जागी ठरलेला सूर. तुम्ही फौजेच्या बँडातून रिटायर होऊन आलेले, मागच्या रांगेत बसून ऐकून राहिले होते. कार्यक्रम संपल्यावर जवळ आले आणि ओळख ना पाळख, म्हणाले, "हात चांगला आहे. कान नाही." मला इतका राग आला की दुसऱ्या दिवशी मी स्कूटर काढून तुमच्या घरी भांडायलाच आलो. वहिनींनी पोहे दिले आणि तुम्ही पहिला धडा दिला.

तुम्ही म्हणाले, हे बघ मास्तर, चार मोजले की एक बार. असे आठ बार म्हणजे एक ओळ. तीच ओळ परत एकदा. मग वेगळे आठ, ते मधले. मग परत पहिली ओळ. झालं एक आवर्तन, बत्तीस बार. आता धून सोडून द्यायची आणि मनात येईल ते वाजवायचं, पण हे बत्तीस बार पायाखालून सुटू द्यायचे नाही, फिरत राहायचं. जॅझ म्हणजे एवढंच, बाकी सगळी लोकांनी केलेली हवा. मग तुम्ही बोट वर करून म्हणाले, गोम इथं आहे. एका आवर्तनाची शेवटची ओळ आणि पुढच्याच्या पहिल्या दोन, अशा तीन सारख्या ओळी एकामागून एक येतात. तिथं भलेभले हरवतात. ही दुसरी होती का तिसरी? मधले आठ आत्ता, का अजून एक ओळ थांबून?

मी म्हणालो, "मी बावीस वर्षं गणित शिकवून राहिलो. मी नाही हरवणार."

तुम्ही हसले. "मग झालं. तू मोजायचं, मी वाजवणार."

त्या एका वाक्याची मला किती मिजास चढली होती, दादा. बेस वाजवणाऱ्याकडे कोणी पाहत नाही, त्याचे फोटो येत नाहीत, पण हिशोब आपल्याकडे आहे हे मला पुरायचं. तुम्ही हवेत उडायचे आणि मी खाली मोजत उभा. आपला तिसरा माणूस नोएल, रेल्वे कॉलनीतला ड्रमवाला, तो तर डोळे मिटून वाजवायचा. मी म्हणायचो, या दोघांना मी आहे म्हणून घर सापडतं.

हॉटेलचं काय सांगू, तुम्हाला सगळं ठाऊकच आहे, पण मला आज ते पण बोलून घेऊ द्या, कारण तुम्ही असताना तुम्ही कधी बोलू दिलं नाही. रविवारी साडेबारा ते तीन. कोपऱ्यात दोन पायऱ्यांचा ओटा, त्याच्या बाजूला हॉटेलचा पियानो. त्याच्या निम्म्या पट्ट्या दबून बसलेल्या, त्यावर बडीशेपेची वाटी आणि बिलं ठेवायच्या फायली. आपण चाळीस मिनिटं जीव तोडून वाजवल्यावर एक गृहस्थ नॅपकिनला हात पुसत आले आणि नोएलला म्हणाले, "भैया, शुरू कब करोगे?" त्यांना वाटलं होतं आपण वाद्यं लावून पाहतो आहोत. मॅनेजर लांबून हाताने उशी दाबल्यासारखं करायचा, म्हणजे हळू. टीव्हीवर मॅच असेल तर अजून हळू. तुम्ही ऐन भरात आले की नेमका केक यायचा आणि आपण तिघांनी सगळं टाकून वाढदिवसाची धून वाजवायची. एका रविवारी चार केक होते. चौथ्या केकला मी मुद्दाम एक सूर चुकीचा लावला, तर तुम्ही तिथल्या तिथं डोळे वटारले. "लेकराचा वाढदिवस आहे मास्तर, त्याने तुझं काय घोडं मारलं?"

आणि त्या चिठ्ठ्या. टिश्यू पेपरवर गाण्यांची नावं लिहून वेटरच्या हाती यायच्या. मी तर उघडूनही पाहायचो नाही. तुम्ही मात्र चष्मा लावून वाचायचे, घडी घालून खिशात ठेवायचे, त्या टेबलाकडे पाहून मान लववायचे, आणि ते गाणं खरंच वाजवायचे. एकदा सरळ, मग थोडं वाकडं, मग दोन आवर्तनांत तुम्ही कुठल्या कुठं गेलेले असायचे आणि त्या टेबलावरच्या बाई अजून मान हलवून आपलंच गाणं ऐकून राहिल्या आहेत. मी कुरकुर केली की म्हणायचे, "तिला तिचं मिळालं, मला माझं मिळालं. तू काहून जळून राहिला?"

मूळ धुनेवर परत यायचं असलं की तुम्ही वाजवता वाजवता स्वतःच्या डोक्यावर टपली मारायचे, ती जॅझवाल्यांची जुनी खूण. एका आजींना वाटलं तुमचं डोकं दुखून राहिलं. त्यांनी पर्समधून बामची डबी काढून वेटरबरोबर पाठवली. तुम्ही ती कपाळाला लावलीसुद्धा, त्यांना दिसेल अशी. त्या दिवशी सगळा दुसरा भाग तुमचे डोळे झोंबून राहिले होते.

चांगले दिवसही होते, नाही कसं म्हणू. क्रिकेटच्या फायनलचा तो रविवार, सगळं शहर घरी टीव्हीसमोर, हॉटेलात एक टेबल भरलं नव्हतं. मॅनेजर म्हणाला, जा घरी. तुम्ही म्हणाले, आलो आहोत तर वाजवतो. कोणी दाबणारं नाही, केक नाही, चिठ्ठी नाही. आपण एकच धून पाऊण तास वाजवली. आतून तंदूरवाला आला, कणकेचे हात तसेच पुढं धरून उभा राहिला, मग वेटर आले, मग भांडी घासणाऱ्या दोघी. संपल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तंदूरवाला फक्त म्हणाला, "एक और." त्या दिवशी मी स्कूटरवर तुमच्या मागं बसून सदर ते गढा एक शब्द बोललो नाही, आणि तुम्हीही नाही. मला वाटतं माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली दुपार होती. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, म्हटलं तुम्हाला माहीतच असेल.

आता आपलं खरं भांडण. ते सुरू झालं त्या रिटायर्ड अफसराच्या बायकोपासून. बाई हौशी होत्या, माइक हातात घेतला आणि गायला लागल्या, आणि मधल्या आठांच्या आधीच मधले आठ गाऊन मोकळ्या. तुम्ही क्षणात उडी मारून त्यांच्यापाशी गेले, नोएलला मानेने ओढलं, मला डोळ्यांनी. बाई परत चुकल्या, परत आपण पळालो. असं तीनदा. बाई खुश होऊन खाली उतरल्या. मी चहाच्या टपरीवर तुमच्यावर तोंडसुख घेतलं. चुकल्या त्या आणि धावपळ आपण करायची? जो चुकला त्याने परत यावं. मोजणाऱ्याने जागा सोडली तर मग मोजायचं कशाला?

तुम्ही बशीत चहा ओतत म्हणाले, "जो हरवला त्याच्याकडे आपण जायचं. त्याला हाक मारायची नाही. ऐकणाऱ्याला चूक ऐकू येत नाही मास्तर, भांडण ऐकू येतं."

मी म्हणालो, हे फौजेत चालत असेल.

तुम्ही म्हणाले, फौजेत तर बिलकुल नाही चालत, म्हणून तर मी हे वाजवून राहिलो.

किती वर्षं चाललं ते भांडण. टपरीवर, स्कूटरवर, तुमच्या ओसरीत, एकदा तर ग्वारीघाटावर तुमच्या मेव्हण्याच्या अस्थी घेऊन गेलो होतो तेव्हा नावेत बसून. नावाडी म्हणाला, बाबूजी, आप लोग आराम से बैठो, नाव हिलती है. तुम्ही कधी हरले नाही, मी कधी मानलं नाही. मला वाटायचं असंच चालू राहील.

मग या पावसाळ्यानंतर मला काहीतरी ऐकू यायला लागलं. मी मधल्या आठांत शिरायचो आणि तुम्ही अजून आधीचीच ओळ वाजवून राहिलेले असायचे. दोन-तीन बार तसेच जायचे, मग तुम्ही आपला सूर अर्धवट तोडून धपकन माझ्यापाशी यायचे. पहिल्यांदा वाटलं, होतं एखाद्या वेळी. मग दर रविवारी व्हायला लागलं, कधी कधी दोनदा. मी घरी बायकोला म्हणालो, दादांचं आता वय झालं. नोएललाही म्हणालो, "दादा अब भूलने लगे हैं." नोएल काड्या पिशवीत घालत राहिला. तुम्हाला मी काही म्हणत नव्हतो. मी मनातल्या मनात तुमच्यावर दया करून राहिलो होतो, दादा. हे लिहिताना मला माझीच शरम वाटून राहिली आहे.

तो रविवार नोव्हेंबरातला. खिडकीजवळच्या टेबलावर एक जण एकटा बसला होता, वेटर म्हणाला, पुण्याचा आहे, बरगीचं धरण पाहून आला आहे. मला तो आधीच दिसला, कारण त्याचा पाय बरोबर पडून राहिला होता. जेवता जेवता तो मोजत होता. अकरा वर्षांत पहिला माणूस, ज्याला आपण काय करून राहिलो ते कळत होतं. मला कसं झालं ते तुम्ही समजू शकता. कधी नव्हे ते कोणीतरी हिशोब पाहणारा आला आहे, आणि तुम्ही आज तरी चुकू नये असं मला वाटत होतं. दुसऱ्या आवर्तनात तुम्ही मागं राहिले, धपकन आले. तिसऱ्यातही तेच. त्या माणसाने मान वर करून आपल्याकडे पाहिलं. तिसऱ्या वेळी तुम्ही परत तीच ओळ धरली आणि माझं डोकं सणकलं. मी हात तारांवर आडवा ठेवला आणि जे बोललो ते बोललो. माइक समोरच होता. सगळ्या हॉटेलने ऐकलं.

तुम्ही चिडले असते तर बरं झालं असतं. तुम्ही फक्त तेवढं विचारलं, मागं राहिलो का, आणि नोएलला म्हणाले, चलो, आज एवढंच. सॅक्सोफोन पुसला, पेटीत ठेवला, पेटीची जी पट्टी नेहमी अडकते ती शांतपणे लावली. तो पुण्याचा माणूस जाताना माझ्याजवळून गेला, पण माझ्याशी काही बोलला नाही. तुमच्याजवळ थांबला, वाकून नमस्कार केला आणि गेला. तेव्हाही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची त्याला कीव आली.

पुढच्या रविवारी तुमचा फोन आला, दम लागतो, नाही येत. मॅनेजरने एक की-बोर्डवाला आणला. त्याच्या मशीनमध्ये ड्रम पण, बेस पण. नोएल हात बांधून बसायचा आणि मी मशीनच्या बेसवर आपला बेस वाजवायचो. लोकांना फार आवडलं. कोणी विचारलं नाही, भैया शुरू कब करोगे.

तुमच्याकडे मी दोनदा आलो. दोन्ही वेळा आपण गढ्याचा खोदलेला रस्ता आणि गॅसची पाइपलाइन यावर बोललो. सॅक्सोफोनची पेटी दिवाणाखाली दिसत होती. निघताना तुम्ही विचारलं, "काय वाजवलं रविवारी?" मी म्हणालो, तेच आपलं नेहमीचं. खोटं बोललो. वहिनी दारापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊजी, हे काहून घरी बसून राहिले? दम-बिम काही नाही लागत. तुम्ही तरी सांगा न." मी म्हणालो, येतील हो, येतील. चला दादा, एवढं दोन शब्दांचं काम होतं. मी नाही केलं. कारण मी बरोबर होतो, आणि बरोबर असलेल्या माणसाने आधी बोलायचं नसतं असं मला वाटत होतं.

तुम्ही गेल्यावर मला दोन गोष्टी खाऊन राहिल्या होत्या. एक म्हणजे मी असं बोलायला नको होतं. दुसरी, सांगायला लाज वाटते, पण बोललो ते खोटं तर नव्हतं, हा आधार पाहिजे होता. नोएल दर रविवारचं वाजवणं फोनवर रेकॉर्ड करून ठेवतो, आपली लय पळते का ते पाहायला. दहाव्याच्या दिवशी घाटावरून आल्यावर मी त्याच्याकडून त्या रविवारचं मागवून घेतलं. दुपारी जेवणाच्या टेबलावर बसलो, कानात ते लावलं, रेघांचा कागद घेतला, आणि प्रत्येक बारला एक उभी रेघ मारत गेलो, मुलं कच्चं काम करतात तसं.

पहिली ओळ, आठ रेघा. तीच ओळ परत, आठ. मधले आठ. परत पहिली, आठ. पहिलं आवर्तन चोख. मग दुसरं. पहिली ओळ, आठ रेघा, आणि त्यानंतर माझा बेस सरळ मधल्या आठांत. दुसरी ओळ नाहीच. तुम्ही ती दुसरी ओळ धरली होती, जिथं धरायला पाहिजे तिथं, आणि दोन बार झाल्यावर तुमच्या कानाला कळलं की मास्तर पुढं निघून गेला. तुम्ही सूर तोडला आणि माझ्याकडे आले. तिसऱ्या आवर्तनात परत तेच. चौथ्यात परत, तिथं मी हात ठेवला.

मी कागद फाडला, नवीन घेतला, परत मोजलं. तीनदा मोजलं. मग नोएलकडून आधीचे रविवार मागवले, सात ऐकले, त्यातल्या पाचांत तेच. मला मधले आठ आवडतात, दादा, तिथं माझ्या बोटांना काम असतं, बाकी ठिकाणी नुसतं चालायचं. मी घाई करून राहिलो होतो. मोजणं मी कधी सोडलं ते मलाच माहीत नाही.

नोएलला फोन केला. म्हटलं, "तुला माहीत होतं का?" तो म्हणाला, "लगा तो था भैया, कि आप जल्दी जाते हो. पर मैं ड्रम वाला, मुझे लगा आप दोनों का कुछ तय होगा. दादा तो हर बार आपके पास चले जाते थे." मी म्हटलं, त्या दिवशी तरी बोलायचं. तर म्हणे, "उस दिन आप इतने गुस्से में थे."

त्यानंतर तीन दिवस मी एकाच गोष्टीवर जीव टांगून होतो. तुम्हाला कळलं होतं का? तुम्हाला ठाऊक असेल की चूक माझी आहे, आणि तरी तुम्ही मोठ्या मनाने गप्प बसले असाल, तर ते मी सोसू शकलो असतो. तुम्ही तसे होतेच. मी मनात ठरवून टाकलं की असंच झालं असणार. वहिनी काही म्हणोत, तुम्हाला खरंच दम लागत असणार, तुम्ही घरी बसून माझ्यावर हसत असाल.

काल पंगत उठल्यावर वहिनींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. दिवाणाखालची पेटी ओढून काढली. "हे तुम्ही घेऊन जा भाऊजी. मला पाहवत नाही." मग तिथंच खाली बसल्या आणि म्हणाल्या, "एक विचारू? मला यातलं काही समजत नाही. पण इतके दिवस त्यांनी मला मोजायला बसवलं होतं."

मी म्हटलं, काय मोजायला?

"मी दुपारी मटार सोलायला बसली की हे सॅक्सोफोन घेऊन समोर. म्हणे, प्रत्येक चाराला एक शेंग सरकव. आठ झाल्या की नवीन ओळ. दोन ओळी झाल्या की हात वर कर. आणि मी हात वर केला की हे बरोबर त्याच वेळी दुसरं सुरू करत. रोज. इतके मटार सोलले की रोज तीच भाजी, दोघंही कंटाळून गेलो." वहिनी थोड्या हसल्या. "एकदाही नाही चुकले भाऊजी. मी म्हणत जाऊ, बरोबर तर येऊन राहिलं, जा न रविवारी. तर म्हणे, घरी येते, तिथं जाऊन मागं राहतो मी. मास्तर सांगते म्हणजे खरंच असन. तो मोजण्यात नाही चुकत."

वहिनींनी विचारलं, "खरंच चुकायचे का हो ते?"

मी म्हणालो, "नाही वहिनी. मी चुकायचो. ते बरोबर होते."

त्या रागावल्या नाहीत. पेटीवरची धूळ पदराने पुसून म्हणाल्या, "मग हे मला काहून सांगून राहिले? त्यांना सांगायचं होतं न."

पेटी आता माझ्यासमोर टेबलावर आहे. मी ती उघडली नाही. मी तुमच्यावर चिडलो आहे, दादा, आणि हा राग जाईल असं मला वाटत नाही. अकरा वर्षं तुम्ही माझ्या एकेका गोष्टीवर वाद घातला. चहात साखर किती, स्कूटर कोणत्या रस्त्याने, केकच्या वेळी कोणता सूर, नावेत बसूनसुद्धा सोडलं नाही. आणि ज्या एका गोष्टीत तुम्ही सोळा आणे खरे होते, तिथं माझं मुकाट्याने ऐकून घेतलं. तुमचे कान इतक्या वर्षांच्या सवयीने आपोआप माझ्याकडे येऊन राहिले होते, तुम्हालाही कळत नव्हतं की तुम्ही मला सांभाळून राहिले. आणि मी सांगितलं म्हणून तुम्ही घरी बसून, त्या वयात, शेंगांवर मोजणी शिकत होते. कोणाच्या भरवशावर? माझ्या?

एकदा म्हणायचं होतं, मास्तर, तू चुकला. मी मानलं नसतं. मी आरडाओरडा केला असता, आठ दिवस तुमच्याशी बोललो नसतो, बायकोजवळ तुमच्या नावाने खडे फोडले असते. पण रविवारी साडेबाराला मी तिथं आलो असतो, आणि तुम्हीही आले असते.